जवळिकीची किंमत: थायलंडचे पाळीव हत्ती आणि पैसे भरून येणारे सेवेकरी

चियांग माई शहराच्या उत्तरेला माए ताएंगच्या खोऱ्यात हत्तींचे तळ एकाला लागून एक आहेत. त्यातल्या काही तळांवर परदेशी सेवेकऱ्यांना आठवडाभर राहून काम करता येतं. कामाला सुरुवात भल्या सकाळीच होते. गमबूट घातलेली विशीतली मुलंमुली फावड्याने रात्रीची लीद ओढतात, ढकलगाडीत भरतात आणि खताच्या ढिगावर नेऊन टाकतात. दुसरी तुकडी विळे घेऊन मक्याच्या किंवा गवताच्या शेतात जाते आणि ट्रक भरेपर्यंत कापत राहते. तिसरी तुकडी चाऱ्याच्या शेडमध्ये कलिंगडं धुते, भोपळे चिरते, चिकट भात आणि केळी कुस्करून मोठमोठे लाडू वळते. हे लाडू म्हाताऱ्या हत्तिणींसाठी. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा संच झिजला की त्याला ऊस चावत नाही, गवत चावत नाही, आणि रानात असेल तर तो उपाशी मरतो. इथे त्याला लाडू मिळतात. या कामाचा मोबदला कुणाला मिळत नाही. उलट सेवेकरीच पैसे भरून आलेले असतात.

त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. घाम गाळून, सुट्टी खर्चून, मळलेल्या कपड्यांनी परतणाऱ्या या मुलांना हत्तींबद्दल खरंच माया असते. मला विचारायचं आहे ते त्यांच्या पैशाबद्दल. तो पैसा समोरच्या हत्तीचं म्हातारपण सुखाचं करतो, की उद्याच्या पिल्लाला साखळीला बांधायची सोय करतो? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत थायलंडमध्ये या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला, संशोधन झालं, कज्जेही झाले. एवढं वाचल्यावर माझं मत ठाम झालं आहे: हत्तीच्या अगदी जवळ नेणारा कार्यक्रम, मग तो कितीही प्रेमळ असो, जवळ येऊ देणाऱ्या हत्तींची मागणी वाढवतो. आणि माणसाला जवळ येऊ देणारा हत्ती आपोआप तयार होत नाही.

आधी हे हत्ती तळांवर आले कुठून ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या देशात पाळीव हत्ती लाखाच्या घरात असावेत, असा अंदाज नेहमी दिला जातो. उत्तरेच्या सागवानी जंगलांत लाकूड ओढणं हे त्यांचं मुख्य काम. 1988 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिणेत भीषण पूर आले. उघड्या बोडक्या डोंगरांवरून दरडी आणि तोडलेले ओंडके गावांवर कोसळले, शेकडो माणसं गेली. लोकांचा संताप इतका होता की जानेवारी 1989 मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलांतली तोड बंद केली. निर्णय योग्यच होता, पण त्याने एका फटक्यात हत्ती आणि माहूत दोघंही बेकार झाले. दिवसाला दीडशे-दोनशे किलो चारा खाणारं जनावर दारात उभं, आणि कमाई शून्य. काहींनी हत्ती म्यानमारच्या सीमेवर चोरट्या तोडीला लावले. तिथे सुरुंगावर पाय पडून हत्ती अपंग झाले. 1999 मध्ये असा पाय गमावलेल्या मोटाला या हत्तिणीला लाम्पांगच्या हत्ती-रुग्णालयात पुढे कृत्रिम पाय बसवला, तेव्हा तिचं नाव जगभर झालं. काही माहूत हत्ती घेऊन बँकॉकला आले आणि रात्रीच्या रहदारीत केळी विकत भीक मागू लागले. 2010 मध्ये तिथल्या महापालिकेने रस्त्यावरच्या हत्तीला खाऊ घालणाऱ्यालाच दंड ठेवला, तेव्हा ते दृश्य आटोक्यात आलं. उरलेल्या सगळ्यांना पर्यटनाने पोटाशी घेतलं.

हा इतिहास विसरून माहुताला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. सुरीन प्रांतातले कुई लोक पिढ्यान्‌पिढ्या हत्ती पाळत आले. उत्तरेच्या डोंगरांतल्या करेन गावांत हत्ती हीच घरची जिंदगी असायची. एका माणसाचं आणि एका हत्तीचं नातं चाळीस-चाळीस वर्षं टिकायचं. पर्यटनाने त्या नात्याची रोजंदारी केली. आज अनेक तळांवर हत्ती एकाचा, माहूत दुसराच असतो. बरेचदा सीमेपलीकडून आलेला तरुण, तुटपुंज्या पगारावर, हत्तीच्या शेजारच्या खोपटात झोपणारा. तो वर्षभरात नोकरी सोडतो आणि हत्तीला पुन्हा नवा माणूस ओळखावा लागतो.

कायद्याची बाजू विचित्र आहे. थायलंडमध्ये रानटी हत्तीला 1921 पासून संरक्षण आहे. पाळीव हत्ती मात्र 1939 च्या कामाच्या जनावरांच्या कायद्यात येतो. म्हणजे घोडा, बैल, रेडा, गाढव यांच्या रांगेत. त्याची नोंदणी आठव्या वर्षी करायची, अशी त्यात तरतूद होती. जन्मापासून आठ वर्षं कागदाविना गेल्यावर रानातून धरून आणलेलं पिल्लू कोणत्या पाळीव हत्तिणीच्या पोटी जन्मलं हे कोण सांगणार? वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2011 ते 2013 या दोन वर्षांच्या काळात किमान 79 रानटी हत्ती पर्यटन-व्यवसायासाठी बेकायदा पकडले गेल्याचं नोंदवलं. पिल्लू धरायचं तर आईला आणि तिला वाचवायला आलेल्या कळपातल्या हत्तिणींना अनेकदा ठार करावं लागतं, हे लक्षात घेतलं की त्या आकड्यामागचे खरे मृत्यू किती असतील याची कल्पना येते. पुढे पाळीव हत्तींची डीएनए नोंद सुरू झाली आणि ही वाट बरीच अरुंद झाली. आता पिल्लं मुख्यतः बंदिवासातल्या हत्तिणींना होतात.

पण पिल्लू तळावर जन्मलं म्हणून ते माणसाळलेलं जन्मत नाही. गायीगुरांत हजारो वर्षं निवड करून करून माणसाने स्वभाव बदलला. हत्तीत तसं कधी झालं नाही. प्रत्येक पिल्लू रानातल्या पिल्लासारखंच येतं आणि प्रत्येकाला नव्याने वाकवावं लागतं. उत्तर थायलंडमध्ये या विधीला 'फाजान' म्हणतात. तीन-चार वर्षांचं पिल्लू आईपासून तोडतात, वळतादेखील येणार नाही अशा लाकडी खोड्यात घालतात, चारी पाय बांधतात. भूक, जागरण, अंकुशाची टोचणी असं अनेक दिवस चालतं. पिल्लू हंबरणं थांबवून माणसाचा हुकूम मानू लागलं की सोडतात. सगळेच मालक इतक्या टोकाला जात नाहीत. बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीही काही ठिकाणी रुजल्या आहेत, हे सांगायला हवं. तरीही आईपासून लवकर तोडणं आणि साखळी हे दोन भाग जवळपास सगळीकडे राहतात.

आता पर्यटनाचा चढता-उतरता भाव पाहा. नव्वदच्या दशकात हत्ती फुटबॉल खेळायचे, चित्रं काढायचे, पर्यटकांना अंबारीत घेऊन फिरायचे. मग परदेशी पाहुण्याला ते खटकू लागलं. वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन या संस्थेने 2014 नंतर आशियातल्या पर्यटनस्थळांवरच्या सुमारे तीन हजार हत्तींची पाहणी केली. त्यातले दोन हजारांहून अधिक एकट्या थायलंडमध्ये होते आणि एकूण हत्तींपैकी चारातले तीन हलाखीत जगत होते. दरम्यान काही मोठ्या प्रवासी कंपन्यांनी हत्तीवरची सवारी विकणं बंद केलं. 2016 मध्ये ट्रिपअ‍ॅडव्हायझरनेही तशी तिकिटं विकायचं थांबवलं. तळांनी पाट्या बदलल्या. अंबाऱ्या उतरल्या, आणि त्यांच्या जागी हत्तीला आंघोळ, हत्तीला चिखल, 'एक दिवस माहुताचा', आणि मग सेवेकऱ्यांचा आठवडा आला. आश्रयस्थान असा फलक लावायला तिथे काही परवाना किंवा कसोटी लागत नाही. कालचा सवारीचा तळ आज आश्रयस्थान होऊ शकतो, हत्ती तेच, माहूत तोच.

आंघोळीचंच घ्या, कारण सेवेकऱ्यांना सगळ्यात जास्त भुरळ तिचीच पडते. हत्ती स्वतः पाण्यात जातो तेव्हा बुडतो, लोळतो, काठावर येऊन अंगावर माती उडवतो, मनाला येईल तेव्हा निघतो. पर्यटकांच्या आंघोळीत त्याला ठरल्या वेळी, दिवसातून पाच-सहा वेळा, पाण्यात एका कुशीवर पडून राहावं लागतं आणि भोवती दहा अनोळखी माणसं बादल्या ओतत असतात. चार टनांचं जनावर इतक्या माणसांत स्थिर ठेवायचं म्हणजे माहुताच्या हातात धाक हवाच. पाहुण्यांना अंकुश आवडत नाही, म्हणून तो कमरेला झाकला जातो किंवा मुठीत लपवलेल्या खिळ्याने काम भागवलं जातं. कानामागची कातडी टोचली की हत्ती मान हलवतो आणि पाहुण्यांना वाटतं, तो आपल्याला ओळखू लागला. म्हणूनच मला वाटतं की अंकुश नको आणि स्पर्श हवा, या दोन मागण्या एकत्र करणं खोटं आहे. माहुताला क्रूर ठरवून त्याच्याच धाकाच्या जोरावर फोटो काढायचा, यात प्रामाणिकपणा नाही. 3 जानेवारी 2025 रोजी फुकेतजवळच्या को याओ बेटावर आंघोळ घालताना एका हत्तीने बावीस वर्षांच्या स्पॅनिश विद्यार्थिनीला सुळा मारला आणि ती गेली. ती सवारीला गेली नव्हती. हत्तीची काळजी घेणाऱ्या म्हणवणाऱ्या केंद्रात गेली होती. हत्तींच्या हातून माहूत मरतात त्याच्या बातम्या तर सीमा ओलांडतही नाहीत.

रोगाचा धोका दोन्हीकडून आहे. माणसाचा क्षय हत्तीला होतो. नेपाळमध्ये चितवनच्या पाळीव हत्तींत तो आढळल्यावर त्यासाठी वेगळी नियंत्रण योजना आखावी लागली. रोज बदलत जाणारी, वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं हत्तीच्या सोंडेशी आणणं हे वैद्यकीयदृष्ट्याही शहाणपणाचं नाही.

इथे एक गोष्ट प्राणीप्रेमींना न रुचणारी आहे. चियांग माई विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञांबरोबर तळांवरच्या हत्तींचा बारकाईने अभ्यास केला. लिदेतली ताणाची संप्रेरकं, अंगावरची चरबी, पायांची अवस्था, रोजची चाल हे सगळं त्यांनी मोजलं. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, नुसती सवारी बंद केल्याने हत्ती सुखी होत नाही. दिवसभर एका जागी उभं राहून पर्यटकांच्या हातून ऊस आणि केळी खाणारे हत्ती लठ्ठ होतात, आणि ज्यांना चालायला मिळत नाही त्यांची तब्येत बिघडते. किती वेळ साखळी, किती वेळ चाल, चाऱ्यात काय, पायाखाली काँक्रीट की माती, सोबतीला दुसरे हत्ती आहेत का, यावर बरंच काही ठरतं. सेवेकऱ्यांच्या टोपलीतली केळी हा प्रेमाचा घास असेल, पण रानात हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चालत, पाला, साल, बांबू, गवत ओरबाडत खातो. त्याला गोड खाऊपेक्षा चालण्याची गरज अधिक आहे. स्वयंसेवेच्या जाहिरातींत चाल दिसत नाही, कारण जंगलात दूरवर चालत जाणाऱ्या हत्तीबरोबर फोटो चांगला येत नाही.

मग सगळेच तळ सारखे का? नाही. माए ताएंगचं एलिफंट नेचर पार्क हे या चळवळीचं सर्वांत प्रसिद्ध नाव. खमू या डोंगरी समाजातल्या सेंगडुआन चायलर्ट, ज्यांना सारे लेक म्हणतात, यांनी नव्वदच्या दशकात ते उभारलं. लाकूड ओढून मोडलेले, डोळे गेलेले, कंबर निखळलेले हत्ती तिथे येतात आणि मरेपर्यंत राहतात. ऑक्टोबर 2024 मध्ये नदीला आलेल्या पुरात तिथले शंभराहून अधिक हत्ती उंचावर हलवण्याची वेळ आली आणि दोन हत्तिणी बुडाल्या, त्यातली एक आंधळी होती. या प्रकल्पामुळेच सवारीशिवाय हत्ती पोसता येतात हे इतर तळांना कळलं. 2016 मध्ये फुकेतला केवळ पाहण्यासाठीचं असं एक आश्रयस्थान निघालं. 2019 मध्ये चियांग माई भागातल्या एका तळाने स्पर्श पूर्ण बंद करून पाहुण्यांना दूरच्या ओट्यावरून हत्ती दाखवायला सुरुवात केली. या ठिकाणांबद्दल मला आदर आहे.

तरीही त्यांच्यापुढेही एक जुना पेच आहे. हत्ती मालकाकडून विकत घ्यायचा की नाही? एका तरुण हत्तीची किंमत दहा लाख बाहतच्या वर सहज जाते. तो सोडवला की हत्ती सुटतो, हे खरं. पण मालकाच्या हातात रोकड येते आणि हत्ती हाच त्याचा धंदा असेल तर तो दुसरा, बहुधा तरुण, हत्ती घेतो. सेवेकऱ्यांच्या देणग्यांतून झालेली सुटका अशी बाजारातच परत वळते. म्हणून काही संस्था हत्ती विकत घेत नाहीत. मालकाला दरमहा भाडं देऊन हत्तीला काम न लावण्याचा करार करतात आणि माहुतालाच पगारावर ठेवतात. यात हत्ती कायमचा आपला होत नाही, देणगीदाराला 'आम्ही वाचवला' असा फलक लावता येत नाही, आणि म्हणूनच हा मार्ग कमी लोकप्रिय आहे. मला तो अधिक खरा वाटतो. माहुताचं पोट चालवल्याशिवाय हत्तीचं काहीच भलं होत नाही.

सेवेकऱ्यांच्या कामाच्या मोलाबद्दलही थोडं बोलायला हवं. आठवड्याला बदलणारी, हत्तींचं काहीच शिक्षण नसलेली वीस माणसं जे गवत कापतात, ते गावातली चार माणसं अधिक वेगाने कापतील आणि त्यांना रोजगारही मिळेल. सेवेकऱ्यांची खरी देणगी त्यांचे हात नसून त्यांनी भरलेली फी आहे. विळा हा बहाणा आहे. हे एकदा मान्य केलं की डोक्यातली बरीच गल्लत मिटते. फीचा किती वाटा माहुताला, चाऱ्याला, पशुवैद्याला जातो, हे विचारायचा आपला हक्क आहे आणि उत्तर न देणाऱ्या तळाला आपलं उत्तरही ठरलेलं असावं.

इतकं बोलल्यावर 'तिकडे जाऊच नका' म्हणणं सोपं वाटेल. 2020 मधल्या करोनाच्या साथीने ते किती अवघड आहे ते दाखवलं. आधीच्या वर्षी थायलंडला जवळपास चार कोटी परदेशी पर्यटक आले होते. मार्चनंतर आकडा शून्यावर आला. तळांवरचे हत्ती दिवसभर साखळीला, चाऱ्याला पैसे नाहीत. चियांग माई भागातले शंभरहून अधिक हत्ती माहुतांबरोबर डोंगर ओलांडत माए चाएमच्या करेन गावांकडे चालत गेले. काहींनी दीडशे किलोमीटरच्या आसपास वाट तुडवली. ज्यांच्या गावाभोवती रान होतं ते तिथे चरले, सुधारलेसुद्धा. सुरीनच्या कुई लोकांकडे परतलेल्यांच्या भोवती भातशेतं होती आणि कोरडी माळरानं. त्यांनी फोनवर थेट प्रक्षेपण करून केळ्यांसाठी दान मागितलं. थायलंडमध्ये आज पाळीव हत्ती साडेतीन-चार हजार आहेत, रानटीही साधारण तितकेच. हे सगळे उद्या रानात सोडा म्हणणाऱ्याला रान दाखवावं लागेल. तिथल्या हत्ती पुनर्स्थापना प्रतिष्ठानाने राणी सिरिकिट यांच्या पाठबळाने शंभराहून अधिक पाळीव हत्ती संरक्षित जंगलांत सोडले आणि तिथे पिल्लंही झाली, म्हणजे हे अशक्य नाही. पण पूर्व थायलंडमध्ये रानटी हत्ती आधीच उसाच्या आणि फळांच्या बागांत शिरून माणसं मारतायत. त्यात आणखी हजारोंची भर घालता येणार नाही. म्हणून आज जिवंत असलेल्या हत्तींसाठी पैसा लागणार, आणि तो बराचसा पाहुण्यांकडूनच यायचा आहे.

आपल्या शेजारच्या देशांची कथा थोडक्यात. श्रीलंकेत 1975 मध्ये सरकारने सुरू केलेल्या पिन्नावळच्या अनाथालयात पर्यटकांची गर्दी वाढत गेली तसा अनाथांच्या संगोपनापेक्षा पैदाशीवर आणि प्रेक्षकांवर भर वाढला. नेपाळात चितवनच्या सौराहा भागात सफारीचे हत्ती रात्री आखूड साखळीला बांधले जात. तिथे कुंपणाच्या मोकळ्या आवारांचे प्रयोग झाले आणि ज्या हत्तींना ते मिळालं त्यांना फरक पडला. साखळीऐवजी कुंपण, हा खर्चाचा आणि मनाचा प्रश्न आहे, तंत्राचा नाही.

आणि आपण? 2024 मध्ये वीस लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले; मुंबई-पुण्याच्या सहलींच्या छापील कार्यक्रमांत हत्ती असतोच. जुलै 2025 मध्ये नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला हलवलं, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्याने रस्त्यावर उतरून अश्रू ढाळले. ते प्रेम खरं होतं. तिच्या पायांची दुखणी, सांध्यांचा आजार आणि दशकांचं एकटेपणही तपासणीत नोंदलेलं होतं, तेही खरं होतं. प्रेम असलं की हत्ती सुखी असतो असं नाही, हे ज्या जिल्ह्याने इतक्या जवळून पाहिलं, तिथल्या वाचकाला चियांग माईच्या तळावरचं गणित समजायला वेळ लागू नये. ब्रिटनने 2023 मध्ये परदेशातल्या प्राण्यांचे हाल करणाऱ्या उपक्रमांची आपल्या देशात जाहिरात आणि विक्री रोखण्याचा कायदा केला. कोणते उपक्रम त्यात येतील हे पुढच्या नियमांवर सोपवलं आहे, तरी दिशा बरोबर आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. सहल कंपनीला फोन करून विचारणारा ग्राहक मात्र असू शकतो.

तळ निवडताना मी एकच कसोटी सगळ्यात वर ठेवेन: इथे पिल्लं होतात का? पैदास थांबवायची तर नर वेगळे ठेवावे लागतात, आणि कळपात राहण्याचा स्वभाव असलेल्या जनावराला त्याचाही जाच होतोच. तो जाच पत्करून जो तळ पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत रिकामा व्हायला तयार आहे, त्याच्याकडचा हत्ती हा शेवटचा बंदिवान आहे. तिथे फी भरा, लीद उपसा, लाडू वळा, हत्तीला लांबून पाहा, आणि माहुताला बाजूला घेऊन त्याचा पगार विचारा. ज्या तळाच्या जाहिरातीत पिल्लू सोंड उंचावून उभं आहे, तिथे जाऊ नका.